पत्ते काय म्हणतात

लग्नघरात दुपारची जेवणं आटोपली की एखादा मामा पत्त्यांचा कॅट काढतो आणि एकवीस पत्त्यांची जादू सुरू करतो. सात-सातच्या तीन ओळी लावायच्या, मनातला पत्ता कोणत्या ओळीत आहे ते विचारायचं, ती ओळ दरवेळी मधे घालायची, आणि असं तीनदा केलं की अकरावा पत्ता तोच. बघणाऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा बघतोय असं तोंड करायचं. मला या जादूचा मनापासून राग आहे. तिच्यात हाताला कामच नाही. पाढे येणाऱ्या माणसानं करावी अशी ती जादू.

मला आवडतात त्या हाताच्या जादू. सगळ्यात सोपी म्हणजे ओळखीच्या पत्त्याची. कॅट पिसताना सगळ्यात खालचा पत्ता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून ठेवायचा. समोरच्यानं आपला पत्ता कॅटवर ठेवला आणि कॅट कापून खालचा भाग वर घातला, की आपण बघितलेला पत्ता त्याच्या पत्त्याच्या बरोबर डोक्यावर येऊन बसतो. मग एकेक पत्ता उलटत जायचं, ओळखीचा दिसला की पुढचा त्याचा. शिकायला एक दुपार पुरते, पण डोळ्याचा कोपरा कामाला लावायला वर्ष जातं. नवशिके मान वाकवून बघतात आणि पकडले जातात.

दुसरी चार गुलामांची. चार गुलाम म्हणजे चार चोर. ही गोष्ट जो तो आपल्या गावाची करून सांगतो. आमची चंद्रपूरजवळच्या मूल गावची होती, कारण माझे बाबा मूलच्या एका राइस मिलमध्ये वजनकाट्यावर होते. पहिला चोर धानाच्या गोदामात शिरला, दुसरा कोंड्याच्या खोलीत, तिसरा काट्याखाली लपला आणि चौथा पहारा द्यायला छपरावर बसला. पहिले तीन गुलाम कॅटमध्ये वेगवेगळ्या जागी खुपसायचे, चौथा वर ठेवायचा. मग बाबा तोंडानं मिलचा भोंगा वाजवत आणि चारही गुलाम छपरावर, म्हणजे कॅटच्या वर, हजर. गुलामांच्या मागे तीन परके पत्ते चिकटवून धरलेले असतात, कॅटमध्ये जातात ते तेच, एवढंच त्यातलं गुपित. पण बाबांचा भोंगा इतका खरा होता की माणसं पत्त्यांकडे बघायचंच विसरत.

आणि तिसरी, माझी सगळ्यात लाडकी. तिला आमच्या घरी 'गळ्यात मारणं' म्हणत. पत्ते पंख्यासारखे पसरून समोर धरायचे आणि 'कोणताही घ्या' म्हणायचं. समोरच्याची बोटं येतात त्याच क्षणी आपल्याला हवा तो पत्ता त्या बोटांखाली यायला हवा. लवकर आला तर बोटं बिचकतात, उशीर झाला तर दुसराच उचलला जातो. घेणाऱ्याला शेवटपर्यंत वाटतं की आपण आपल्या मर्जीनं घेतला. दुकानात साडी घेताना माझंही तसंच होतं, पण ते असो.

बाबा हे शिकले एका फिरत्या जादूगाराकडून. जत्रा संपवून परत जाताना तो तापानं फणफणून आमच्या घरी पडला होता. आईनं त्याला पेज करून घातली आणि त्यानं जाताना बाबांना पत्ते शिकवले. मी बाबांकडून शिकले. वर चंद्रपूरच्या बसस्टँडवरून आणलेलं एक हिंदी पुस्तक होतं, ज्याचं कव्हर आम्ही कधी बघितलं नाही. त्यातल्या चित्रांत दोन्ही हात उजवेच छापलेले. त्या चित्रांवर भरवसा ठेवून मी उन्हाळ्याच्या एका सुटीत बोटं मोडून घेतली. खरं शिकवलं ते आरशानं आणि माझ्या धाकट्या बहिणीनं. आरसा चूक दाखवतो आणि बहीण ती साऱ्या मोहल्ल्यात सांगते. आज कुणी विचारलं की जादू कुठून शिकावी, तर मी सांगते, पुस्तक कोणतंही चालेल, बहीण मात्र खडूस पाहिजे.

बाबांचा एक नियम होता. पत्ते हातात घेतले की आधी म्हणायचं, "ही हातचलाखी हाय. यात देव नाई, भूत नाई, मंतर नाई." त्यांनी तरुणपणी बाबासाहेबांसोबत धम्म स्वीकारला होता, आणि अंगारे-धुपारे, भविष्य, देवऋषी यांना घराचा उंबरा बंद होता. मला वाटतं त्यांना पत्ते आवडायचे ते त्यासाठीच. माणूस किती सहज फसतो हे दाखवायचं आणि वर ही फसवणूक आहे असं आधी सांगायचं. तो नियम मोडला तर ते कॅट हिसकून घेत.

ऐंशीनंतर गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्या सुमारास मी नर्स होऊन एटापल्लीकडच्या एका जंगलातल्या गावात रुजू झाले. सूरजागडचे डोंगर गावातून दिसत. माडिया लोकांचं गाव. माझं केंद्र म्हणजे कुडाची एक खोली, आणि शेजारी एक म्हातारी तिच्या मुलासुनेसोबत राहायची. तेंदूपत्ता गोळा करायच्या फडीवर वर्षानुवर्षं काम करून तिला आमच्याकडची मराठी येत होती. त्यामुळे ती माझी दुभाषी, पहारेकरी आणि टीकाकार झाली. मी भात शिजवला की शेजारून आवाज यायचा, "बाई, करपून राह्यला." तो करपलेलाच असायचा.

लस टोचायच्या दिवशी गावातली पोरं जंगलात पळून जात. त्यांना धरून ठेवायला म्हणून मी पत्ते काढले. मोहाच्या झाडाखाली बसून चार गुलाम केले, ओळखीचा पत्ता केला. पोरं आली, पोरांमागे बाया आल्या, आणि मग म्हातारे येऊन उकिडवे बसले. नियमाप्रमाणे मी आधी 'ही हातचलाखी आहे' हे सांगितलं. पण मराठीत सांगितलं, आणि म्हातारीनं त्याचं काय केलं कोण जाणे.

मूलमध्ये जादू केली की माणसं हसायची, हात धरायची, "कसं केलं व, पुन्हा कर" म्हणायची. इथे कुणी हसलं नाही. एका पोरीनं काढलेली बदामची राणी मी परत शोधून दाखवली, तेव्हा एक म्हातारा गंभीरपणे काहीतरी बोलला. मी दुभाषीकडे बघितलं.

"तो विचारते, काय म्हणते?"

"कोण काय म्हणते?"

"पत्ता."

गावचा पुजारी, त्याला पेरमा म्हणतात, काही अडलं की तांदळाचे दाणे पानावर टाकायचा आणि त्यांच्या जोड्या लावायचा. जोड्या पुऱ्या बसल्या तर हो, दाणा उरला तर नाही. म्हणजे टाकलेली वस्तू काहीतरी म्हणते, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. दाणे बोलतात तर पत्ते का नाही बोलणार? मला मात्र ते ऐकून हसू आलं, आणि मी गमतीत म्हटलं, "पत्ता म्हणते, पोट्ट्याईले सुई टोचा."

म्हातारीनं ते जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी एकही पोर पळालं नाही. मी खूश झाले, आणि पुढच्या महिन्यातही पत्ते घेऊनच झाडाखाली बसले.

पुढे धान कापून झालं आणि नव्या धानाचा पंडुम आला. पंडुम म्हणजे त्यांचा सण, पण आपल्यासारखा फराळ करून संपणारा नव्हे. देवाला नवं अन्न चढवून पेरमा सण सोडेपर्यंत गावातल्या कुणी शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर साऱ्या गावाच्या पिकाला, गुराढोरांना धोका. फार अडलं तर पेरमा दाणे टाकून विचारतो, आणि दाण्यांनी सोडलं तरच जाता येतं.

त्याच पंडुमात शेजारच्या म्हातारीची सून गरोदर होती. एका सकाळी मी तिला बघायला गेले तर तिचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. पायावर बोट दाबलं तर खड्डा राहत होता. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, असं ती खुणेनं सांगत होती. मी रक्तदाब बघितला, विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या हाताचा बघितला. आदल्या वर्षी पलीकडच्या पाड्यावर अशीच एक बाई झटके येऊन माझ्यासमोर गेली होती, बाळासकट. तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं आणि आताही काही नव्हतं. मी घाबरले. अंगणात येऊन मी सांगितलं, आत्ताच्या आत्ता अहेरीच्या दवाखान्यात न्यायचं.

मुलगा म्हणाला, आई सांगेल तसं. आई म्हणाली, पेरमा सांगेल तसं. पेरमा आला. चांगला, शांत माणूस होता. त्यानं पान मांडलं, दाणे टाकले. जोड्या पुऱ्या बसल्या. खातरी करायला पुन्हा टाकले तर दाणा उरला. तिसऱ्यांदा टाकताना एक दाणा पानाबाहेर गेला, आणि तो धरायचा की नाही यावर चार म्हाताऱ्यांची चार मतं झाली. शेवटी ठरलं, देव धड हो म्हणत नाही, तेव्हा पंडुम सुटेपर्यंत थांबावं. सण सुटायला अजून दोन रात्री होत्या.

मी बोलले, ओरडले, शेवटी रडलेसुद्धा. सून दारात भिंतीला टेकून बसली होती आणि आमच्याकडे बघतही नव्हती. तेवढ्यात म्हातारी पेरमाशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. त्यानं होकारार्थी मान हलवली.

म्हातारी माझ्याकडे वळली. "बाई, तुहे पत्ते आन. लाल आला त जाऊ. काळा आला त राहू."

बाबांचा नियम मला त्या वेळी आठवला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. चांगला आठवला. आणि मी पत्ते आणायला धावले.

जोकर काढायच्या निमित्तानं मी कॅट स्वतःकडे तोंड करून चाळला आणि लाल पत्ते मधे ओढले. कडेचे सगळे काळे. वरवर पिसल्यासारखं केलं. माझ्या जन्मात मी इतके वाईट पत्ते पिसलेले नाहीत. बोटं घामानं ओली, पत्ते एकमेकांना चिकटत होते. माझी बहीण समोर असती तर तिथल्या तिथे बोंबलली असती.

पंखा पसरून मी म्हातारीपुढे धरला. तिचा हात आला, मधल्या पत्त्यांवरून पुढे गेला आणि थेट कडेला जाऊन थांबला. तिची बोटं काळ्या पत्त्यांवर होती. घेणाऱ्याचा हात कडेला गेला तर काय करायचं ते बाबांनी शिकवलं होतं, हसत काहीतरी बोलायचं आणि समोरच्याला डोळे वर करायला लावायचं. मला बोलायलाच सुचेना. मी नुसता पंखा सरकवला. कुणाही आंधळ्याला कळावं इतका सरकवला. लाल पत्ते तिच्या बोटांखाली आले, बोटं क्षणभर थांबली, आणि तिनं एक ओढला.

चौकटची नव्वी निघाली. म्हातारीनं ती पेरमाला दाखवली. पेरमा उठला आणि मुलाला म्हणाला, बैल जुंप.

बैलगाडीनं लाकडाच्या डेपोपर्यंत आणि तिथून लाकडांच्या ट्रकनं अहेरी. ट्रकमध्ये मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला शिव्या घालत होते. पहिला झटका आला तो दवाखान्याच्या व्हरांड्यात. डॉक्टर चार पावलांवर होते. इंजेक्शन मिळालं, बाळंतपण झालं, मुलगी झाली. आई जगली, मुलगी चिमणीएवढी होती, पण तीही जगली. मी दवाखान्याच्या नळावर जाऊन भडाभडा ओकले आणि मग पोटभर चहा प्याले.

इथवर सगळं चांगलं झालं. पण गावात परतल्यावर माणसं माझ्या दारात यायला लागली. कुणाचा बैल हरवला, पत्ते काय म्हणतात? मुलगी या घरी द्यावी का, पत्ते काय म्हणतात? एकाचं पोट दुखत होतं आणि गोळी घ्यावी की नाही हे त्याला पत्त्यांना विचारायचं होतं. मी पत्ते पेटीच्या तळाशी टाकले आणि हरवले म्हणून सांगितलं. जादू करायला शिकलेली मी, आणि खोटं बोलताना माझे कान लाल होत होते.

रजेवर मूलला गेले तेव्हा जेवताना बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"आधी सांगितलं होतं काय, हातचलाखी हाय म्हणून?"

"नाई."

"मंग तुह्यात आन् देवऋष्यात फरक काय राह्यला?"

"मंग मरू द्याची होती काय तिले?" मीही आवाज चढवला.

ते ताटावरून उठले. संध्याकाळभर माझ्याशी बोलले नाहीत. मला फार लागलं. शाबासकी मिळेल असं मला वाटलं होतं, हे खरं. सकाळी मी डबा भरत होते तर ते मागे येऊन उभे राहिले.

"पोट्टी कशी हाय?"

"कोणती?"

"जन्मली ते."

"चांगली हाय. रडते खूप."

"रडू दे," ते म्हणाले. "जाऊन सांगून टाक त्या बुढीले. लोकं बैलापायी पत्ते विचारून राह्यले, हे चांगलं नाई. खरं सांग, मंग जे होईन ते होईन."

जे होईल ते काय होईल, याची मला पुरती कल्पना होती. पंडुमात शीव मोडायला लावली, तीही फसवून. गावानं मला दारात उभं केलं नसतं, आणि पुढच्या बाळंतिणीला माझ्याकडे कुणी पाठवलं नसतं. परतीच्या बसमध्ये सांगायचं आणि नाही सांगायचं, दोन्ही मी घोळवत होते. पण बाबांचा शब्द मोडायची हिंमत माझ्यात नव्हती.

म्हातारी अंगणात धान पाखडत होती. नात झोळीत निजली होती आणि सून आत चुलीपाशी होती. मी पेटीतून पत्ते काढून आणले, तिच्यासमोर बसले आणि लाल पत्ते मधे कसे ओढले ते करून दाखवलं. पंखा कसा सरकवला तेही दाखवलं. म्हटलं, "माय, पत्ते काई बोलत नाईत. मीच तुले फसवलं."

ती पाखडायची थांबली नाही. "मले मालूम हाय," ती म्हणाली.

"काय मालूम हाय?"

"मी कडेचा घेऊन राह्यली होती. तू सरकवले."

"मंग तवाच काऊन नाई बोलली?"

"काऊन बोलू? पेरमाचे दाणे दोनदा पलटले. सगळ्यायच्या पुढं त्याले आता कसं म्हणता येते, का जा? लाल दिसला, त्याचं काम झालं."

"आन् तू? तुले माझं खोटं दिसलं, तरी तू लाल घेतला?"

तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. तिला माझा थोडा राग आला असावा, कळत नसलेल्या पोराचा येतो तसा.

"बाई, तू रोजच म्हणते, दवाखान्यात चाला. ताप आला, दवाखाना. खाज आली, दवाखाना. पोट्ट्याच्या नाकातून पानी आलं, दवाखाना. तुह्या त्या बोलण्यात खरं कोणतं आन् सरकारचं कोणतं, मले कसं समजन? म्हणून मी हात मुद्दाम कडेले नेला. म्हटलं पाहू, बाई काय करते. तू सगळ्या गावापुढं चोरी केली. तवा मले समजलं का आता सून मरते." तिनं सूप पुन्हा उचललं. "पत्त्याले कोन विचारते? मी तुले विचारलं होतं."

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी खाजेला कधी दवाखाना सांगितला नाही.